विझत्या ताऱ्यांची मोजपट्टी

1572च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारा झळकू लागला. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने तो रात्रीमागून रात्री न्याहाळला. शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो जराही सरकत नव्हता; म्हणजे तो चंद्राच्या कितीतरी पलीकडे होता. अशा सुपरनोव्हावरून, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटावरून, अंतराचा निष्कर्ष काढण्याची परंपरा इतकी जुनी आहे. मात्र एका ताऱ्यावरून विश्व मोजता येत नाही. त्यासाठी घोळका लागतो.

तो जमवायला सुरुवात केली फ्रिट्झ झ्विकीने, 1930च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या पालोमारवरून. 1941मध्ये रुडॉल्फ मिन्कोव्स्कीने वर्णपटात हायड्रोजन न दिसणारे ते पहिल्या प्रकारचे, दिसणारे ते दुसऱ्या, अशी विभागणी केली. पहिल्या प्रकारातले स्फोट साधारण सारख्याच तेजाचे वाटत. खरं तेज माहीत असेल, तर दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं. पण 1968मध्ये चार्ल्स कोवाल यांनी त्यांच्या तेजाचा आलेख मांडला, तेव्हा बिंदू सुमारे 0.6 प्रतीने (प्रत म्हणजे तेजाचं खगोलीय माप) विखुरले होते. अंतरात जवळपास तीस टक्क्यांची चूक!

हा विस्कळीतपणा निव्वळ योगायोगाचा नव्हता. चिलीतल्या सेरो टोलोलो वेधशाळेत मार्क फिलिप्स यांनी 1993मध्ये दाखवलं, की ‘वन-ए’ या उपप्रकारातला जो सुपरनोव्हा सावकाश विझतो, तो मुळातच अधिक तेजस्वी असतो. शिखरानंतरच्या पंधरा दिवसांत तेज किती उतरलं, हे पाहून प्रत्येकाची दुरुस्ती करता येऊ लागली. मारिओ हामुय आणि सहकाऱ्यांच्या कालान-टोलोलो सर्वेक्षणाने त्यासाठी जवळचे नमुने पुरवले. एकसारखे दिवे निसर्गाने दिलेच नव्हते. ते आकडेमोडीतून तयार झाले.

दूरचे स्फोट हाती लागणं हा वेगळाच पेच होता. एका डॅनिश गटाला दोन वर्षांच्या शोधात ‘वन-ए’ प्रकारचा जेमतेम एक मिळाला. सॉल पर्लमटर यांच्या बर्कलेतल्या गटाने आकाशाच्या त्याच पट्ट्याची काही आठवड्यांच्या अंतराने छायाचित्रं घेऊन एकातून दुसरं वजा करायला सुरुवात केली. मग नवे स्फोट डझनाने सापडू लागले. 1998मध्ये ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांच्या प्रतिस्पर्धी गटाने 16 दूरचे आणि 34 जवळचे सुपरनोव्हा तपासले. पर्लमटर यांच्याकडे दूरचे 42 होते. दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद निघाले. म्हणजे ते अपेक्षेपेक्षा दूर होते; विश्वाचं प्रसरण मंदावत नव्हतं, वेग घेत होतं.

पण मंद म्हणजे दूरच कशावरून? ही शंका पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी घेतली. दीर्घिकांमधल्या अवकाशातली धातूच्या सूक्ष्म तंतूंची धूळही प्रकाश शोषू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे हबल दुर्बिणीने आणखी दूरचे सुपरनोव्हा गाठले, तेव्हा साधी धूळ असती तर दिसले असते त्याहून ते तेजस्वी निघाले. तरी मंदपणाला दुसरं कारण असू शकतं, ही सावधगिरी नंतरच्या प्रत्येक गणिताला पाळावी लागली.

2022च्या ‘पँथिऑन प्लस’ यादीत 1,550 सुपरनोव्हा आहेत. 2024मध्ये ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ने बहुतेक सुपरनोव्हांचा वर्णपट न घेताच, प्रत्येक स्फोट ‘वन-ए’ असण्याची शक्यता किती, हे काढून त्या प्रमाणात गणितात वजन दिलं. संख्या वाढली की योगायोगाच्या चुका सरासरीत बुजतात. कॅमेऱ्याच्या मापनातली चूक मात्र हजार नोंदींत हजारदा उतरते. प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलते का, या ताज्या वादात ‘डेसी’ या सर्वेक्षणाच्या दीर्घिकांच्या नोंदींना कोणती सुपरनोव्हा-यादी जोडली, यावर पुराव्याचं बळ कमीजास्त होतं. तेव्हा आणखी स्फोट शोधण्याइतकंच, याद्या एकमेकींशी का जुळत नाहीत हे शोधणंही आता विश्वाच्या मोजणीतलंच काम आहे.