साबणाच्या जातीचं औषध

मी डीएसए रूममधला, म्हणजे रक्तवाहिन्यांचं क्ष-किरण चित्रण होतं त्या खोलीतला, तंत्रज्ञ. डॉक्टर ‘फोम करा’ म्हणाले की दोन सिरिंज थ्री-वे तोटीला जोडतो. एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा. दट्टे आळीपाळीनं वीसेक वेळा झपाझप दाबले की पाण्यासारखं औषध पांढरंशुभ्र, दाट होतं. ते लगेच शिरेत द्यायचं. थोड्याच वेळात फेस बसतो, तळाशी पाणी सुटतं. ही कृती इटलीच्या लोरेन्झो टेसारींनी २००० साली मांडली. औषध मात्र बरंच जुनं.

१८५३ मध्ये लिऑनच्या शार्ल प्रवाझ यांनी चांदीची सिरिंज बनवली आणि लवकरच फ्रेंच सर्जन फुगलेल्या शिरांत लोहाचे क्षार टोचू लागले. रोग्यांना त्याचा इतका त्रास झाला की १८९४ मध्ये लिऑनच्याच परिषदेत ही पद्धत त्याज्य ठरली. पुढे १९४६ मध्ये सोडियम टेट्राडेसिल सल्फेट आलं. ते साबणाच्या जातीचं. शिरेचं आतलं अस्तर ते जाळतं, मग भिंती चिकटून शीर आक्रसते. पण पातळ औषध रक्तात मिसळून फिकं पडतं. फेस रक्ताला बाजूला सारतो आणि भिंतीला धरून राहतो, म्हणून औषधही कमी लागतं.

शिरांच्या जन्मजात गाठींचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना सरसकट ‘हिमँजिओमा’ म्हणत. १९८२ मध्ये बोस्टनच्या मलिकन आणि ग्लोवाकी यांनी फरक दाखवला: लहान बाळाचा हिमँजिओमा आधी झपाट्यानं वाढतो, मग हळूहळू विरतो, शिरांची विकृती मुलाबरोबर वाढते आणि आपोआप जात नाही. तोवर कुणी वाट पाहत बसे, कुणी सुरी चालवे. रक्त फार जाई आणि गाठ पुन्हा डोकं वर काढी. आता हाच फेस गाठीत सोडतात. सोनोग्राफीवर सुईचं टोक दिसतं. डाय सोडली की गाठीतलं रक्त कुठल्या शिरेत उतरतं तेही पडद्यावर कळतं. ती वाट मोठी असेल तर औषधही तिथूनच निसटेल, म्हणून डॉक्टर हात आखडता घेतात.

एका बैठकीत काम क्वचितच भागतं, आणि गाठ समूळ जाईलच असं नाही. दुखणं, सूज कमी झाली तरी पुष्कळ. मुलाच्या अंगावर निळसर, मऊ, दाबल्यावर बसणारी आणि रडताना फुगणारी गाठ असेल, तर कापायची घाई करू नका. आधी सोनोग्राफी करून घ्या.