चापाजीची साक्ष

"सर, पेशव्याला मारणारे आपल्यातले होते ना?" आठवीच्या वर्गात एका मुलाने मान खाली घालून विचारले. बाहेर कोणीतरी त्याला हे ऐकवले असावे. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे वालिद भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार आहेत. मालक, नोकर आणि थकलेला पगार हे शब्द या मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत.

आम्ही फळ्यावर तारीख लिहिली : 30 ऑगस्ट 1773. ऐन गणपतीचे दिवस. पेशवा नारायणराव अवघ्या 18 वर्षांचा. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले. त्यांच्या म्होरक्यांत महंमद इसाफ होता. तसेच सुमेरसिंग आणि खडगसिंगही होते. नारायणराव धावत जाऊन चुलते रघुनाथरावांना बिलगला. रघुनाथरावांचा खिदमतगार तुळाजी पवार याने त्याला ओढून काढले. त्याच वेळी नारायणरावाचा सेवक चापाजी टिळेकर धन्याच्या अंगावर आडवा पडला. गारद्यांनी दोघांनाही तोडले. पुढे रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष ठेवला, तो खुद्द रघुनाथरावांवर.

म्हणजे एकाच दालनात दोन नोकर होते. एकाचा हात धन्याला ओढत होता, दुसऱ्याचा झाकत होता. त्यात धर्माचा हिशेब कुठे बसतो? पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी भाऊसाहेबांची बाजू न सोडणारा, जखमी होऊन पकडला गेलेला आणि मारला गेलेला इब्राहिमखानही गारदीच होता. नमकहलाली आणि नमकहरामी कोणत्याही जमातीच्या नावावर लिहून दिलेली नाही.

हुमायूनला पाण्याचा तांब्या देणारा जौहर आफताबची धन्याच्या वनवासातही सोबत होता. तो जगला आणि अकबराच्या हुकुमावरून 1587 मध्ये त्याने 'तजकिरतुल वाकियात' लिहिले. म्हणून तख्त गमावलेला बादशहा आपल्याला नोकराच्या नजरेतून दिसतो. चापाजीला ती सवड मिळाली नाही. कारभारी, न्यायाधीश, बखरकार सगळे नंतर बोलले. धन्याविषयी चापाजीला काय वाटत होते, हे त्याच्या देहाने सांगितले. तीच त्याची साक्ष.

तोच मुलगा पुन्हा उठला. "सर, चापाजीचा पगार वेळेवर मिळत होता का?"

वर्ग हसला. आम्हांला हसू आले नाही. घामाचा मोबदला मागणे हा गुन्हा नव्हे, हे या मुलांना कळायलाच हवे. पण हक्काचा पगार मागणे वेगळे आणि त्या निमित्ताखाली दुसऱ्याचा कट तडीस नेणे वेगळे, हेही कळायला हवे. आम्ही तेवढेच सांगितले.

मग फळ्यावर उर्दू अक्षरांत दोन नावे लिहिली : इब्राहिमखान आणि चापाजी. मुलांनी ती एकाखाली एक वहीत उतरवून घेतली. त्या मुलाची मान आता वर होती.