मराठवाड्यांतील कुळांचा खंड : कांहीं कागद, कांहीं सनावळी

छावणींतून दौलताबादेवरून खुलदाबादेस जाणारी वाट आमच्या संग्राहक मित्रांच्या पायाखालची आहे. या वाटेवरील गांवांतून सनदा व महजर हातीं येतात. परंतु कुळानें पट्टेदारास दिलेल्या खंडाची पावती क्वचितच मिळते. हा अभाव आकस्मिक नाहीं. बटईचा व्यवहार खळ्यावर तोंडीं होई, आणि लिहिणें ज्याच्या हातीं, त्याचेंच हित कागद न होण्यांत असे.

सर सालारजंगांच्या कारकीर्दींत मोजणी सुरू होऊन सरकारचा सारा बांधला गेला. पट्टेदारानें कुळाकडून काय घ्यावें, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १३१७ फसलीच्या महसूल कायद्यांत शिकमीदार व आसामी शिकमी हा भेद आहे, पण आसामी शिकमी म्हणजे मर्जीचेंच कूळ. इ. स. १९३९ मध्यें निजाम सरकारनें समिति नेमिली. तिचें फळ म्हणून आसामी शिकमी कायदा १३५४ फसलींत झाला. (या काळच्या निजामी फसलींत ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत ५९० व पुढें ५९१ मिळवावे लागतात. सरसकट ५९० मिळविणारे पुष्कळसे कागद एक वर्ष मागें ओढतात.)

असा विलंब एकट्या निजामी राज्यांतच झाला असें नव्हे. आयर्लंडांत १८८१ च्या कायद्यानें रास्त खंड पंधरा वर्षांकरितां ठरविण्यास आयोग नेमिला, तरी मुदतीच्या करारानें जमीन कसणारीं कुळें १८८७ पर्यंत त्याबाहेरच होतीं. पण तेथें निकाल लेखी होत. आमच्याकडे खळें साफ झालें कीं पुरावाही गेला.

पुढें १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. खंडाची कमाल मर्यादा आरंभीं पिकाच्या हिश्शांत होती. १९५४ च्या दुरुस्तीनें ती आकाराच्या पटींत आली : काळ्या कापसाच्या जमिनीस पांचपट, चाळका जमिनीस चौपट. हा फेर आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पीक खळ्यावर मापावें लागे, आणि मापणारा बहुधा पट्टेदाराचा असे. आकार सरकारी दप्तरांत होता, तो कोणासही पाहतां येई. परंतु समितीपासून या आंकड्यापर्यंत पंधरा वर्षें लोटलीं. तेवढ्यांत ज्याची जमीन सुटली, त्याला खंड कमी करून मिळण्याचा प्रश्नच उरला नाहीं. आपण कूळ होतों, एवढेंच सिद्ध करावयाचें राहिलें. १९५५ सालीं खुलदाबाद तालुक्यांत संरक्षित कुळांस ठरीव किमतीच्या शर्तीवर मालकी देण्यांत आली, तेव्हां नोंदींत नांव असणें नसणें यावरच सर्व कांहीं ठरलें.

१९५४-५५ चें खासरा पाहणी पत्रक याच सुमाराचें. सनदेवर शिक्का असतो म्हणून ती जपली जाते; या पत्रकांच्या नकला व बटईची एखादी बोटभर चिठ्ठी कोणाच्या दप्तरांत निघाल्यास गांव व फसली सन टिपून तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी, अशी विनंति आहे.