मनसरचा काळा दगड आणि 1914चं युद्ध

नागपूरहून कामठी, कन्हान ओलांडून रामटेकला निघालात की वाटेत मनसर लागतं. बरेच जण तिथे वाकाटकांच्या काळातलं उत्खनन बघायला थांबतात. पण पहिल्या महायुद्धाची तयारी समजून घ्यायची असेल, तर तिथला काळा दगड बघायला हवा. तो दगड म्हणजे मँगनीज.

1900 साली या भागात खाणकाम सुरू झालं. युरोपात तेव्हा पोलादाची चढाओढ चालली होती. 1906 मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका पाण्यात सोडली, मग जर्मनीनेही तशाच नौका बांधायला घेतल्या. 1913 पर्यंत जर्मनी ब्रिटनच्या दुपटीहून जास्त पोलाद काढू लागला.

तोफा, रूळ, चिलखती पत्रे या सगळ्यांना पोलाद लागतं आणि पोलादाला मँगनीज. वितळलेल्या धातूतल्या ऑक्सिजन आणि गंधकाचा ते बंदोबस्त करतं. ते नसेल तर तापलेलं पोलाद ठोकताना तडकतं. प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास नेलं, तर पोलाद घाव बसेल तसं आणखी कठीण होतं. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने हे 1882 मध्ये दाखवलं. 1915 पासून ब्रिटिश सैनिकांना मिळालेली शिरस्त्राणं याच पोलादाची होती.

मँगनीजचे मोठे पुरवठादार मोजकेच होते: रशिया, भारत आणि ब्राझील. रशियाचं खनिज जॉर्जियातून काळ्या समुद्रामार्गे यायचं. सप्टेंबर 1914 च्या अखेरीस तुर्कस्तानने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली आणि ती वाट तुटली. साहजिकच ब्रिटनसाठी मध्य प्रांतातल्या खाणींचं मोल वाढलं.

नागपूरला रेल्वे 1867 मध्येच पोचली होती. त्याच मार्गाने कापूस आणि पुढे मँगनीज मुंबई बंदराकडे जाऊ लागलं. पण दोन्हींत फरक होता. 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर निदान काही कापसाचं सूत, कापड नागपुरात होऊ लागलं. मँगनीज मात्र कच्चंच परदेशी जायचं. भट्ट्या तिकडे, कारखाने तिकडे. इथे मजुरी आणि खड्डे.

भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी इथल्या मँगनीजयुक्त खडकाला 'गोंडाइट' नाव दिलं, गोंडांवरून. खडकाला गोंडांचं नाव मिळालं. खाणींची मालकी कंपन्यांकडे राहिली.

आता मँगनीज इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांतही वापरतात. म्हणजे मागणी पुन्हा वाढणार. तेव्हा दगड किती टन निघाला एवढंच विचारून भागणार नाही. त्याचं पुढे काय झालं आणि कुठे झालं, हेही विचारायला हवं.