भौगोलिक निर्देशांक

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील कोणत्याही ठिकाणाचे स्थान अक्षांश आणि रेखांश या दोन कोनीय मापांनी निश्चित करता येते. या जोडीस त्या ठिकाणाचे भौगोलिक निर्देशांक किंवा गुणक असे म्हणतात. पुण्याचे निर्देशांक सुमारे १८°३१′ उत्तर, ७३°५१′ पूर्व असे आहेत. अक्षांश आधी व रेखांश नंतर लिहिण्याचा प्रघात आहे.

अक्षांश

विषुववृत्त हे ०° मानून उत्तरेस व दक्षिणेस ९०° पर्यंत अक्षांश मोजतात. विषुववृत्त आणि ध्रुव पृथ्वीच्या परिवलनामुळेच ठरत असल्याने येथे आरंभ कोठून करावा, हा वाद उद्भवत नाही. उत्तर गोलार्धात ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची कोनीय उंची जवळजवळ त्या ठिकाणाच्या अक्षांशाएवढीच असते. एक अंश अक्षांशाचे अंतर सर्वत्र सुमारे १११ किमी भरते.

रेखांश

रेखांशास असा निसर्गदत्त आरंभ नाही. तो मानावा लागतो. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितात लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून मेरूकडे जाणारी रेषा मध्यरेषा मानली जाई. (ही लंका म्हणजे आजची श्रीलंका नव्हे, तर विषुववृत्तावरील एक कल्पित स्थान होय.) इ.स. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ग्रीनिचचे रेखावृत्त ०° म्हणून स्वीकारले. फ्रान्सने मात्र आपली अधिकृत वेळ १९११ पर्यंत पॅरिसच्या रेखावृत्तावरच ठेवली.

पृथ्वी २४ तासांत ३६०° फिरते, म्हणजेच एका अंशास ४ मिनिटे लागतात. त्यामुळे दोन ठिकाणच्या स्थानिक वेळांतील फरक कळला की रेखांश काढता येतो. परंतु हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचे घड्याळ अचूक चालत नसे, आणि घड्याळ एक मिनिट चुकले तरी विषुववृत्ताजवळ जहाजाचे स्थान सुमारे २८ किमी चुकते. या प्रश्नाच्या उत्तरासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचे पारितोषिक जाहीर केले. जॉन हॅरिसन या सुतारकाम शिकलेल्या कारागिराने बनविलेले चौथे घड्याळ १७६१-६२ च्या जमैका सफरीत या कसोटीस उतरले. पारितोषिकाच्या रकमेसाठी मात्र त्यास पुढे अनेक वर्षे झगडावे लागले.

रेखावृत्ते ध्रुवांकडे एकत्र येतात. एक अंश रेखांशाचे अंतर विषुववृत्तावर १११ किमी, पुण्याच्या अक्षांशावर सुमारे १०६ किमी, तर ६०° अक्षांशावर जवळजवळ निम्मे असते.

लेखनातील चुका

एका अंशात ६० मिनिटे (कला) असतात, १०० नव्हेत. त्यामुळे १८°३१′ हे दशांश पद्धतीत १८.५२ होते. पुण्याचे निर्देशांक चुकून १८.३१, ७३.५१ असे लिहिल्यास नकाशावरील खूण सुमारे ४० किमी नैऋत्येस, सह्याद्रीच्या डोंगराळ भागात जाऊन पडते. ही चूक वरवर पाहता ध्यानात येत नाही, कारण दोन्ही आकडे शक्य कोटीतलेच दिसतात.

पृथ्वीचा आकार कोणत्या प्रतिमानानुसार गृहीत धरला आहे, यावरही आकडे बदलतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाच्या विवृत्ताभावर आधारलेले असून आजची उपग्रहप्रणाली वेगळे प्रतिमान वापरते. ग्रीनिचच्या वेधशाळेत आखलेल्या मूळ रेषेवर उभे राहिल्यास मोबाइल फोन ०° रेखांश दाखवीत नाही. त्यासाठी सुमारे १०२ मीटर पूर्वेस चालावे लागते.