खारबांध आणि जोळ

श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने पार पडला. या मंगल प्रसंगी खारेपाटातील आणखी एका सामाईक ठेव्याचे स्मरण करणे उचित ठरेल. तो ठेवा म्हणजे खारबांध.

धरमतर खाडीकाठी अलिबाग व पेण तालुक्यांतील पुष्कळशी भातशेती पूर्वजांनी भरतीच्या पाण्यापासून सोडवून घेतलेली आहे. पेशवाईत ज्यांनी स्वखर्चाने बाहेरकाठ्याचे बांध घातले, त्यांस शिलोत्रीदार म्हणत. बांध राखण्यासाठी कुळे त्यांना सरकारी साऱ्याखेरीज भात देत. बांधात लाकडी उघाडी असे. भरतीच्या जोराने तिचे दार मिटे आणि ओहोटीला उघडून शेतातील पावसाचे पाणी खाडीत जाई.

परंतु बांध घातला म्हणजे काम संपले असे नव्हते. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपे आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तेथेच खांड पडे. खांड एकाच्या शेताशी पडली तरी खारे पाणी साऱ्यांच्या खाचरांत शिरे. म्हणून शेतकऱ्यांनी जोळ पद्धत पाळली. जोळ म्हणजे बांधाची डागडुजी सर्वांनी मिळून अंगमेहनतीने करणे.

सन १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ मध्ये नवा कायदा आला. अनेक बांध सरकारी योजनांत गेले. निधी मिळू लागला, पण जोळ पद्धत मोडली. ‘बांध सरकारचा’ असे म्हणण्याची सवय जडली. जेथे खांडी वेळेवर बुजल्या नाहीत, तेथे भाताच्या खाचरांत तिवरांची झाडे वाढली. सन २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिवरतोडीस मनाई आहे. ते योग्यही आहे, कारण बांधाबाहेरील तिवरे लाटांचा जोर मोडतात. मात्र एकदा गेलेले खाचर परत मिळणे त्यामुळे दुरापास्त झाले.

सन १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर चढली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा झोडपला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाण दिले आहेत. तथापि रोजच्या भरतीखाली कोणतेही भात पिकत नाही.

मंदिरासाठी ज्या हातांनी वर्गणी दिली, दगड वाहिले, त्याच हातांनी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बांधावर फेरी मारून बिळे बुजवावीत आणि उघाड्या पाहाव्यात. ही सुबुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.