भेंडवळचा घट आणि दुष्काळाची चाहूल

बुलढाणा जिल्ह्यात पावसावर बोलायचं तर भेंडवळचं नाव घ्यावंच लागतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यं, मधोमध खड्डा, त्यात चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यावर पाण्याची घागर. रात्री तिथं कुणी थांबायचं नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज पाहतात, कोणतं ढेकूळ भिजलं, कोणतं धान्य हललं. ही प्रथा साडेतीनशे वर्षांची असल्याचं सांगतात.

मी तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. ढेकळाचा आणि श्रावणातल्या पावसाचा कार्यकारणसंबंध मला काही लागत नाही. पण हसण्याआधी १८९९ साल आठवा. हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालेलं, हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज देणारं. त्या वर्षी खात्याचे प्रमुख जॉन एलियट यांनी पाऊस सरासरीहून बरा होईल असं सांगितलं आणि भीषण अवर्षण पडलं. आपलं वऱ्हाडही त्यात होरपळलं.

मग सरकारला दुष्काळाची चाहूल लागायची कशी? १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ज्या दुष्काळ संहिता आल्या, त्यांनी अधिकाऱ्याला जमिनीकडे बघायला लावलं. धान्याचे भाव चढले का? लोक गाव सोडून भटकायला लागले का? चोऱ्या वाढल्या का? शंका आली की चाचणी म्हणून एखादं काम काढायचं. खडी फोडायची, मजुरी जेमतेम. तरीही माणसं आली, तर दुष्काळ आहे! म्हणजे मोजायचं यंत्र कोणतं, तर माणसाचं रिकामं पोट. क्रूरच पद्धत. तरी तिच्यात एक गोष्ट होती, जी घटातही नाही आणि एलियटसाहेबांच्या अंदाजातही नव्हती : खूण दिसली की पुढे काय करायचं, हे लेखी ठरलेलं होतं. भाकीत चुकलं तर कुणी जबाबदार नसतो. इशारा मिळूनही कुणी हललं नाही, तर त्याला जाब विचारता येतो.

आणेवारी याच घरातली. आणे १९५७ साली गेले, कागदावर पैसेवारी झाली, गावात मात्र अजून आणेवारीच म्हणतात. पन्नास पैशांखाली आली की टंचाईच्या सवलती. आपल्याकडे नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, अंतिम डिसेंबरअखेर. तोवर सोयाबीन निघून मिळेल त्या भावाने विकलेलंही असतं.